खानवेलचा पाऊस आधी बर्फ असतो का?

प्रश्न : मी खानवेलला मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. जलचक्राचा धडा चालू होता. बाष्प वर जातं, थंड होतं, ढग होतात, पाऊस पडतो, हे फळ्यावर काढून दाखवलं. पुस्तकाबाहेरचं काही सांगावं म्हणून मी म्हणाले, "जगातला पुष्कळसा पाऊस ढगात आधी बर्फ असतो आणि खाली येता येता वितळतो." त्यावर एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग आपल्या साकरतोडचं पाणीपण आधी बर्फ होतं का?" मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मग सगळ्या वर्गानेच प्रश्नांचा धडाका लावला. ते वहीत उतरवून घेतले आणि तुमच्याकडे पाठवते आहे.
– एक शिक्षिका, खानवेल (सिल्वासा)

उत्तर : बाई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. ढगांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही ज्या प्रश्नावर डोकं खपवत आहेत, तिथे ती एका वाक्यात जाऊन पोहोचली. थोडक्यात उत्तर असं : आषाढ-श्रावणातल्या संततधारेतलं पाणी बहुतांशी पाणीच होतं. वळवाच्या आणि परतीच्या गडगडाटी पावसातलं पाणी मात्र बहुतेक बर्फ होऊन आलेलं असतं. आता वर्गाचे प्रश्न एकेक करून घेऊ.

१. इकडे घामाच्या धारा लागतात, मग ढगात बर्फ कुठून?

वर जावं तशी हवा गार होत जाते. पावसाळी दमट हवेत दर किलोमीटरला साधारण ६ अंश उतरतात, असा ढोबळ हिशेब धरा. खानवेलला २८-३० अंश असतील तेव्हा पाच-साडेपाच किलोमीटरवर शून्य अंश येतो. आठ-नऊ किलोमीटरवर उणे २० येतं आणि साडेदहा-अकरावर उणे ४० च्या आसपास. म्हणजे सातवीतल्या मुलांच्या डोक्यावर, खानवेल ते सिल्वासा या अंतरापेक्षाही जवळ, बारा महिने कडाक्याची थंडी असते.

ढग तिथवर पोहोचतो की नाही, एवढाच मुद्दा. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्यांवर चढू लागतं आणि खालीच ढग धरतात. अशा पुष्कळ ढगांचा माथा शून्य अंशाच्या पातळीखालीच राहतो. त्यांतले थेंब एकमेकांवर आपटून, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पडतात. वाऱ्याबरोबर आलेले समुद्री मिठाचे कण यात मदत करतात, कारण मीठ पाणी ओढून घेतं आणि सुरुवातीलाच थोडे मोठे थेंब तयार होतात. ढगातला एक थेंब केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका असतो. असे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक बऱ्यापैकी थेंब होतो. या पावसाला बर्फाची गरज लागत नाही.

समुद्रात कमी दाबाचा पट्टा होऊन ढग उंच चढले, तर ऐन श्रावणातही वर बर्फ होतो आणि त्याचं पाणी या पावसात मिसळतं. म्हणून 'बहुतांशी' असं लिहिलं.

वैशाख-ज्येष्ठातला आणि दसऱ्याच्या सुमाराचा ढग निराळा असतो. दुपारपर्यंत तापलेली हवा सरळ वर उसळते आणि ढग बारा, चौदा, कधी पंधरा किलोमीटरपर्यंत उभा चढतो. त्याचा वरचा अर्ध्याहून जास्त भाग शून्याच्या पातळीच्या वर असतो. तिथे बर्फाचंच राज्य असतं.

२. शून्य अंशाला पाणी गोठतं असं पुस्तकात आहे. मग ढग शून्याच्या पातळीच्या वर गेला की लगेच बर्फ होतो ना?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. शून्य अंशाला बर्फ वितळतो हे पक्कं, पण पाणी शून्यालाच गोठेल याची खात्री नाही. ढगातले बारीक थेंब उणे १०, उणे २० अंशांतही पाणीच राहू शकतात. त्यांना अतिशीत पाणी म्हणतात.

का गोठत नाही ते असं. पाण्याचे रेणू सतत हलत, सरकत असतात. बर्फ व्हायचं तर त्यांना एका ठरावीक षट्कोनी मांडणीत उभं राहावं लागतं. फुगडी घालायला चार मुली हात धरून उभ्या राहिल्या आणि गर्दीच्या धक्क्याने हात सुटले, तसं होतं. रेणूंची लहानशी मांडणी जमते आणि मोडते. ती टिकेल एवढी मोठी आपली आपण व्हायला उणे ३८ अंशांच्या आसपासची थंडी लागते. तिथे मात्र थेंब कोणाच्याही मदतीशिवाय गोठतो.

त्याआधी गोठायचं तर आधार हवा. बाहेरचा एखादा घन कण, ज्याच्या पृष्ठभागावर रेणूंना ओळीने उभं राहता येईल. दुधाला विरजण लागतं तसा हा कण. त्याला हिमकेंद्रक म्हणतात. वर्गात 'बर्फाचं विरजण' म्हणा, मुलांना लगेच पटेल.

हे शाळेत करून दाखवता येतं. शुद्ध पाण्याची प्लास्टिकची सीलबंद बाटली फ्रीझरमध्ये आडवी, न हलवता दोन-अडीच तास ठेवा. दर दहा मिनिटांनी हलक्या हाताने डोकावून पाहा. योग्य क्षणी बाटली अजून पाण्याचीच दिसते. ती बाहेर काढून ओट्यावर ठक्कन आपटली की बर्फाची पांढरी लाट एका टोकाकडून दुसरीकडे धावत जाते. प्रयोग फसला आणि बाटली आधीच गोठलेली निघाली, तर तेही उत्तरच आहे : पाण्यात किंवा बाटलीच्या आतल्या ओरखड्यात विरजण सापडलं. बाटलीभर पाण्यात असा एखादा कण असण्याची शक्यता पुष्कळ. ढगातल्या इवल्याशा थेंबात ती फार कमी, म्हणूनच ढगातलं पाणी इतका वेळ तग धरतं.

३. थोडा बर्फ झाला, तर त्याने पाऊस कसा पडतो?

याचं उत्तर धुक्यातून चालताना सापडलं. १९२२ च्या हिवाळ्यात स्वीडिश शास्त्रज्ञ टोर बेर्जेरॉन नॉर्वेतल्या ओस्लोजवळच्या टेकडीवर राहायला होता. पाइनच्या जंगलातून जाणाऱ्या वाटेवर तो रोज फिरायचा. त्याच्या लक्षात आलं की हवा शून्याच्या वर असली तर धुकं झाडांमध्ये शिरून थेट जमिनीला टेकतं. कडाका पडला की तेच धुकं झाडांच्या शेंड्यांशी थांबतं आणि खालची वाट मोकळी राहते. फांद्यांवर धरलेला हिमकणांचा थर हवेतलं बाष्प खाऊन टाकत होता आणि धुक्याचे थेंब सुकत होते.

याचं कारण मोजता येतं. शून्याखालच्या तापमानात बर्फ बाष्पाला पाण्यापेक्षा घट्ट धरून ठेवतो. उणे १५ अंशांना पाण्याच्या थेंबाला 'पुरेसं' वाटणारं बाष्प बर्फाच्या दृष्टीने साधारण १५ टक्के जास्त असतं. म्हणून हजारो अतिशीत थेंबांत एक हिमकण आला की तो बाष्प ओढत फुगत जातो आणि आजूबाजूचे थेंब आटत जातात. जड झाला की तो खाली निघतो, वाटेत थेंब अंगावर गोठवून घेतो, शून्याची पातळी ओलांडली की वितळतो आणि तुमच्या अंगणात टपोरा थेंब होऊन पडतो. आल्फ्रेड वेगेनरने ही कल्पना १९११ मध्ये मांडली होती. बेर्जेरॉनने तिच्यावरून पावसाचा सिद्धान्त उभा केला आणि जर्मनीच्या वाल्टर फिंडायझेनने १९३८ मध्ये तो पुढे नेला.

४. हे विरजण कशाचं असतं, आणि ते शोधतात कसं?

धुळीचं, प्रामुख्याने. राजस्थानच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटातून उडालेली धूळ वाऱ्याने आपल्याकडे येते. तिच्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज बर्फ धरायला विशेष चांगलं, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं. त्याहून नवलाचा एक जिवाणू आहे, सूडोमोनास सिरिंगे. तो झाडांच्या पानांवर राहतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनांची ठेवण अशी की उणे २ अंशांच्या आसपासच पाणी गोठू लागतं. परदेशात बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी कृत्रिम हिम करतात, तेव्हा मारलेल्या याच जिवाणूंची पूड पाण्यात घालतात.

हे कण विरळ किती, ते ऐका. एक लिटर हवेत धुळीचे, धुराचे, मिठाचे बारीक कण लाखांनी असतात. त्यांतून उणे २० अंशांना बर्फ धरवू शकेल असा कण साधारण एखादा. गव्हाच्या पोत्यातून एकच विशिष्ट दाणा हुडकण्यासारखं हे अवघड काम आहे.

तरीही हुडकतात, आणि पद्धत डोळ्यांनी पाहता येईल इतकी साधी. ठरावीक लिटर हवा गाळणीतून ओढायची. गाळणीवरचे कण अतिशय शुद्ध पाण्यात धुऊन घ्यायचे. त्या पाण्याचे सारखे थेंब एका थंड होत जाणाऱ्या पट्टीवर रांगेत मांडायचे आणि पाहत बसायचं. उणे ८ ला काही होत नाही. उणे १२ ला एक थेंब एकदम दुधाळ होतो. उणे १५ ला आणखी तीन. पारदर्शक थेंब पांढरा झाला की तापमानाची नोंद करायची. किती थेंब कोणत्या अंशाला गोठले यावरून त्या हवेत किती विरजण होतं याचा हिशेब लागतो.

आपल्याकडे ढगांच्या अभ्यासाचं मुख्य ठाणं पुण्यात पाषाणला आहे : भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, सगळे तिला आयआयटीएम म्हणतात. संस्था १९६२ मध्ये सुरू झाली. २००९ पासून तिने 'कैपीक्स' नावाची मोहीम चालवली. विमान थेट ढगात न्यायचं आणि पंखाखाली लावलेल्या उपकरणांनी थेंब, हिमकण, धूळ मोजायची. लेसरच्या झोतातून कण गेला की त्याची सावली टिपली जाते. सावली गोल असली तर थेंब, कोनाकोनांची असली तर बर्फ. याच मोहिमेच्या काळात पुणे विद्यापीठ आणि आयआयटीएममधल्या संशोधकांनी भारतावरच्या हवेतली हिमकेंद्रकं मोजून २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महाबळेश्वरला २०१२ पासून संस्थेची उंचावरची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग आपण होऊन दारात येतात.

५. विरजण इतकं थोडं, मग ढगात बर्फ भरपूर कसा?

हा प्रश्न ज्या मुलाने विचारला असेल त्याच्यावर लक्ष ठेवा. विमानांनी ढगांत मोजणी सुरू केली तेव्हा शास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलं. केंद्रकांच्या हिशेबाने जिथे एक हिमकण सापडायला हवा, तिथे कधी शेकडो, कधी हजारांच्या घरात सापडत होते.

उत्तर असं की एकदा बर्फ झाला की बर्फ बर्फाला जन्म देतो. जॉन हॅलेट आणि एस. सी. मॉसप यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की उणे ३ ते उणे ८ अंशांत पडत्या हिमगोळ्यावर थेंब आदळून गोठत असताना बर्फाचे बारीक तुकडे उडतात. दुसरी रीत टकरीची : दोन हिमकण आपटले की नाजूक फांद्या मोडतात. जपानच्या ताकाहाशींनी १९९५ मध्ये बर्फाचे गोळे एकमेकांवर आदळवून हे मोजलं. प्रत्येक तुकडा नवा हिमकण होतो. एका वातीने दुसरी लावावी, तिने तिसरी, तसं हे पसरत जातं.

आज या कामात स्वीडनच्या लुंड विद्यापीठातला व्हॉन फिलिप्स यांचा गट पुढे आहे, आणि त्याच्या निबंधांवर आपल्या ओळखीची नावं दिसतात. आकाश देशमुख यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२२ मध्ये तिसऱ्या एका रीतीचं गणित मांडलं. हिमकण कोरड्या हवेतून जाताना त्याचा बर्फ थेट बाष्प होऊन उडतो, मधले सांधे झिजतात आणि फांद्या गळून पडतात. किती झिजल्यावर किती तुकडे, हे त्यांनी सूत्रात बसवलं. त्याच वर्षी दीपक वामन यांनी सहकाऱ्यांसह ओक्लाहोमातल्या एका वादळावर निबंध लिहिला. बर्फ वाढवणाऱ्या चार रीती ढगाच्या माथ्याच्या तापमानाप्रमाणे कशा मागेपुढे होतात, हा त्याचा विषय. हवामानाचा अंदाज देणाऱ्या संगणकात ढग असाच आकड्यांनी बांधावा लागतो. तुकड्यांचा हिशेब चुकला, तर पावसाचा आणि विजेचाही चुकतो.

६. आम्हाला बर्फाशी काय करायचं आहे? आम्हाला पाऊस हवा.

करायचं आहे, कारण वीज बर्फातून जन्मते. उंच ढगात साबुदाण्याएवढे पांढरे हिमगोळे आणि बारीक हिमकण अतिशीत थेंबांच्या गर्दीत एकमेकांवर घासले जातात. त्या घासण्यात बहुधा बारीक कणांवर धन प्रभार जातो आणि गोळ्यांवर ऋण. हलके कण वर फेकले जातात, जड गोळे मधोमध राहतात. असा वर-खाली प्रभार साठत गेला की एका क्षणी वीज कडाडते. म्हणून एक खूण मुलांनी कायमची लक्षात ठेवावी : गडगडाट ऐकू आला की वर बर्फ आहे. आषाढात दिवसचे दिवस नुसती रिपरिप चालते आणि आभाळ गप्प असतं, आणि भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी कडकडाट होतो, त्यामागे हाच फरक आहे.

गाराही याच ढगातल्या. वर चढणारा झोत जोरकस असला की हिमगोळा पडता पडत नाही. त्याच्यावर थेंब गोठत राहतात आणि तो वाढतो. तुमच्याकडे काही घरांत गारांना गुजरातीतून 'करा' म्हणत असतील. कधी मोठी गार हाती लागली तर सुरीने मधोमध कापून पाहा. कांद्यासारखे थर दिसतील, एक काचेसारखा, एक दुधी. भराभर पाणी येऊन सावकाश गोठलं तिथे काच, झटक्यात गोठून हवा अडकली तिथे दूध. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षं, कांदा झोडपून काढले. हातातोंडाशी आलेलं पीक काही मिनिटांत गेलं. ढगातल्या बर्फाचा अभ्यास शेतकऱ्याच्या दारापर्यंत येतो तो असा.

आणि वीज जीव घेते. पुण्याच्या आयआयटीएमनेच 'दामिनी' हे मोबाइल ॲप केलं आहे. आजूबाजूच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देतं. वर्गातल्या प्रत्येक घरी एका तरी फोनवर ते असावं, असं मला मनापासून वाटतं. आणि फोन नसला तरी गडगडाट ऐकताच शेतातून निघायचं, एकट्या आंब्याखाली किंवा ताडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात जायचं, हे पाड्यापाड्यावर मुलांनी सांगावं.

७. माणसाला ढगात बर्फ करता येतो का?

येतो. जुलै १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर एका शीतपेटीत श्वास सोडून छोटा ढग करत असे, पण तो काही केल्या गोठेना. एका उकाड्याच्या दिवशी पेटी पुरेशी गार होईना, म्हणून त्याने आत सुक्या बर्फाचा तुकडा टाकला. क्षणात पेटीभर हिमकण चमकू लागले. १३ नोव्हेंबरला त्याने विमानातून खऱ्या ढगात सुका बर्फ टाकला आणि खालून हिम गळताना दिसलं. त्याच महिन्यात त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट याने स्फटिकांचे तक्ते चाळून बर्फासारख्या ठेवणीचा पदार्थ शोधला, सिल्व्हर आयोडाइड. उणे ५ अंशांच्या आसपास तो बर्फ धरू लागतो.

आपल्याकडचे मोठे प्रयोग बहुतेक मिठाचे, कारण आपले ढग खालच्या भागात उबदार असतात. पुण्याच्या संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत बारामतीच्या बाजूला ढगांत मीठ टाकून मोजमाप केलं. २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला ढगांच्या तळाशी क्षारांचा धूर सोडला, तेव्हा वाऱ्याच्या दिशेच्या भागात पाऊस साधारण १८ टक्के वाढल्याचं निष्कर्षात आलं. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? कोरड्या आभाळात ना मीठ चालतं ना सिल्व्हर आयोडाइड. ढग आधी निसर्गाने द्यावा लागतो.

आता पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे. तिला माझं उत्तर सांगू नका, तिचं तिला काढू द्या. सरळ कडांची एक बाटली वरून कापून पट्टी चिकटवली की पाऊस मोजायचं भांडं झालं. शाळेच्या पटांगणात, झाडापासून लांब ते ठेवा. वहीत तीन रकाने आखा : तारीख, किती मिलिमीटर, गडगडाट झाला की नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत नोंद ठेवा. मग गडगडाटाच्या दिवसांचा पाऊस एका बाजूला आणि गप्प आभाळाचा दुसऱ्या बाजूला, अशी बेरीज करायला तिला सांगा. पहिल्या बेरजेतलं बरंचसं पाणी बर्फ होऊन आलं आणि दुसरीतलं बहुतांशी आलंच पाणी म्हणून. हिशेब ढोबळ असेल, पण तो खानवेलचा असेल आणि तिने स्वतः मोजलेला असेल. तेच पाणी साकरतोडने दमणगंगेकडे नेलेलं असेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची ती बेरीज मला जरूर कळवा.